दवाखान्यात मुक्कामाला जाण्याआधी लेकराला काय सांगाल?

बीड जिल्ह्यातल्या अनेक मुलांच्या ऑपरेशनची पहिली खूण अंगणवाडीत किंवा शाळेच्या वर्गात सापडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक गावात येते. त्यात एक पुरुष आणि एक महिला डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून देशभरासाठी सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुले येतात. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हावी, अशी त्याची आखणी आहे. डॉक्टर छातीला नळी लावतात आणि एखाद्या लेकरापाशी जरा जास्त वेळ ऐकत थांबतात. हृदयाला छिद्र असल्याची शंका, दुभंगलेला ओठ, जन्मतः वाकडे पाऊल असे काही आढळले की पुढे तपासायला पाठवले जाते. मग बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे ‘स्वाराती’ (स्वामी रामानंद तीर्थ) वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठायचे आणि तिथे भागले नाही तर छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई.

आजार कळल्यापासून भरती होईपर्यंत काही दिवस, कधी काही महिने जातात. घरातली मोठी माणसे या काळात धावपळीत असतात. रेशनकार्ड शोधायचे, आधारकार्डावरचे नाव दुरुस्त करायचे, ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलायचे, गाडीभाड्याची सोय लावायची. ज्याचे ऑपरेशन आहे त्याला मात्र कुणी काही सांगत नाही. निघायच्या दिवशी ‘मामाच्या गावाला जायचंय’ म्हणून नवे कपडे घालतात आणि लेकरू थेट वॉर्डात पोहोचते. सुई टोचली जाण्याआधीच त्याला एक धक्का बसलेला असतो: आपल्याच माणसाने आपल्याला फसवले. पुढचे आठ दिवस त्याने याच माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून औषध घ्यावे, हात पुढे करावा, अशी आपली अपेक्षा असते.

सोबत भरपूर, सांगणे कमी

मुलांच्या मनावर दवाखान्याचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये जोमाने झाला. त्या काळी तिथल्या बहुतेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलाला ठरावीक वेळीच, तेही थोडा वेळ भेटता येई. आई आली की मूल रडते, म्हणून ती न आलेलीच बरी, असा समज होता. संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस राहिलेल्या सुमारे अडीच वर्षांच्या एका मुलीचे चित्रीकरण केले आणि 1952 साली तो माहितीपट डॉक्टरांना दाखवला. मुलगी फारशी रडत नाही. दिवसेंदिवस ती गप्प होत जाते आणि आई आली तरी तोंड फिरवते. ज्याला सगळे ‘शहाणे मूल’ म्हणत होते, ते मूल खरे तर आशा सोडत होते, हे रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखवून दिले. अनेक डॉक्टरांना ते झोंबले. तरी 1959 मध्ये तिथल्या सरकारी प्लॅट समितीने भेटीवरची बंधने सैल करावीत आणि लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली.

जी गोष्ट तिकडे भांडून मिळवावी लागली, ती आपल्या सरकारी वॉर्डात पहिल्यापासून आहे. लेकरू खाटेवर, त्याच खाटेवर कडेला आई, खाली चटईवर आजी आणि बाहेर व्हरांड्यात बाप. ही सोबत फार मोलाची आहे आणि ती आहे तशी जपली पाहिजे. उणीव आहे ती सांगण्याची. आपण मुलाच्या उशाशी रात्र काढतो, पण उद्या काय होणार हे त्याला सांगत नाही. शिवाय वर्षभर आपणच त्याला भीती घातलेली असते: ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देईल.’ ज्या माणसाचा धाक दाखवून दोन घास जास्त भरवले, त्याच्याच हाती एक दिवस मूल सोपवायचे असते. म्हणून तयारीची पहिली पायरी आजच करता येते. सुईचा धाक घालणे घरात बंद करायचे.

आधी मोठ्यांनी विचारायचे

मुलाला खरे सांगायचे तर आधी ते आपल्याला माहीत हवे. ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते बघा’ असे म्हणून हात जोडणारा बाप घरी येऊन मुलाला काय सांगणार? तेव्हा तारीख मिळतानाच काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. साधारण किती दिवस राहावे लागेल? रक्त किती वेळा काढतील? भूल पूर्ण देणार की तेवढ्या भागापुरती? जाग येईल तेव्हा अंगाला काय काय लावलेले असेल? दुखले तर कोणते औषध मिळेल? ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत कोण जाऊ शकेल आणि रात्री कोण थांबू शकेल? डॉक्टर घाईत असतील तर वॉर्डातल्या सिस्टरांना विचारावे. मुलाला रोज काय सोसावे लागते, ते त्या अगदी जवळून पाहत असतात.

काही गोष्टी आपणही न विसरता सांगायच्या. मुलाला आधी कधी झटके आले होते का, कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, गावात कुणाचे झाडपाल्याचे औषध चालू आहे का. एखादा दुधाचा दात हलत असेल तर तेही भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालावे. भरतीच्या आदल्या दोन-चार दिवसांत ताप, खोकला, सर्दी झाली तर लपवू नये. सर्दी-खोकल्यात भूल देण्याचा धोका वाढतो. तारीख पुढे गेली तर गाडीभाडे वाया जाते हे खरे, पण ते सोसण्यासारखे असते.

कागदपत्रांसाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, शोधावा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने 2012 मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना 2013 च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर पोहोचली आणि 2017 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राची खिडकी असते. कागद आधीच मार्गी लागले तर भरतीच्या दिवशी बाप रांगेत अडकत नाही, मुलाजवळ राहतो.

कोणत्या वयाला किती आणि केव्हा

सहा-आठ महिन्यांनंतर बाळ आपले माणूस आणि परका माणूस यांत फरक करू लागते. त्याला शब्दांनी सांगता येत नाही, तेव्हा त्याच्याजवळचे माणूस शक्यतो बदलू नये. दर सहा तासांनी मावशी, काकू, आत्या अशी पाळी लावली की बाळ बिथरते. अंगावरचे दूध, रोजची गोधडी आणि ओळखीचा आवाज हीच त्याची तयारी.

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला एक दिवस आधी सांगितले तरी पुरते. फार आधी सांगितले तर त्याला वेळेचा अंदाज येत नाही, भीती तेवढी साठत जाते. वाक्ये दोन-तीनच ठेवावीत: ‘उद्या आपण दवाखान्यात राहायला जायचं. डॉक्टर तुझं पाऊल सरळ करणार. आई तुझ्याजवळच राहणार.’ तिसरे वाक्य खरे ठरणार असेल तरच बोलावे.

तीन ते सहा या वयात तीन-चार दिवस आधी सांगावे. या वयाची मुले आजाराला शिक्षा समजतात. आईचे ऐकले नाही, भावाला ढकलले, म्हणून आपल्याला इथे आणले, असे त्यांना मनोमन वाटते आणि ती ते बोलून दाखवत नाहीत. न विचारताच सांगून टाकावे: ‘तुझी काही चूक नाही. तू खोडी केली म्हणून हे झालेलं नाही.’ एवढ्या एका वाक्याने मुलाच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. याच वयात ऐकलेल्या शब्दाचा शब्दशः अर्थ लावला जातो. ‘पोट कापणार’ म्हटल्यावर, ज्या घरात ऊसतोडीचा कोयता रोज हातात असतो त्या घरातल्या मुलाला काय दिसत असेल याचा विचार करावा. ‘रक्त काढणार’ म्हटले की सगळे रक्त जाईल असे त्याला वाटते. थोडेसे, चमचाभर, आणि अंगात ते पुन्हा तयार होते, हे सांगावे. भुलीबद्दलही जपून बोलावे. आजोबा ‘कायमचे झोपले’ असे ज्याला सांगितले आहे, त्याला ‘तुला झोपवणार’ याची धडकी भरते. ‘ही दवाखान्यातली वेगळी झोप असते. ऑपरेशन होईपर्यंत काही कळत नाही, दुखत नाही आणि काम झालं की जाग येते,’ असे सांगितले की फरक त्याच्या लक्षात येतो.

सात ते बारा वर्षांच्या मुलांना आठवडाभर आधी सांगावे आणि प्रश्न विचारू द्यावेत. शाळा किती बुडेल, टाके कुठे पडतील, लघवीला कसे जायचे, हे त्यांचे खरे प्रश्न असतात. कागदावर माणसाची आकृती काढून नेमका कुठे काय बिघाड आहे ते दाखवावे. जिथे निवड शक्य आहे तिथे त्यांना निवडू द्यावे: सलाईन कोणत्या हाताला लावू, आधी गोळी की आधी पातळ औषध, पांघरूण कोणते नेऊ. ऑपरेशन करायचे की नाही, हा प्रश्न मात्र निवडीचा म्हणून विचारू नये, कारण ‘नको’ हे उत्तर आपण मान्य करणार नसतो.

तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींना निर्णय होत असतानाच सामील करून घ्यावे. त्यांना दुखण्याइतकीच लाजेची भीती वाटते. तपासताना पडदा ओढतील का, सगळ्यांसमोर कपडे काढावे लागतील का, मुलीची पाळी त्याच दिवसांत आली तर काय करायचे, हे ती आपणहून विचारत नाहीत. आईने विषय काढावा आणि डॉक्टरांशी एकटीने बोलायची संधी मुलीला द्यावी.

खेळातून ओळख

मुलांना सांगण्यापेक्षा दाखवलेले लवकर समजते. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. बाहुली, सुई नसलेली नवी सिरिंज, पट्टीचा तुकडा आणि सलाईनच्या नळीऐवजी सुतळी एवढे पुरते. आधी मुलाला डॉक्टर होऊ द्यावे. ते बाहुलीशी जसे वागते, त्यावरून त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते कळते. बाहुलीला ते दहा वेळा टोचत असेल, तर ‘डॉक्टर इतक्या वेळा टोचत नाहीत’ हे तिथेच सांगता येते. एमा प्लँक या शिक्षिकेने 1955 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या खेळाचे आणि शिक्षणाचे काम उभे केले. तिकडच्या अनेक रुग्णालयांत आज यासाठी वेगळे प्रशिक्षित कर्मचारी असतात. आपल्याकडे हे काम अंगणवाडीसेविका, आशाताई किंवा वर्गशिक्षक सहज करू शकतात. आणि ही माणसे मुलाच्या ओळखीची असतात.

वॉर्डातल्या माणसांचीही आधी ओळख करून द्यावी. पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर औषध देतात, मावशी वॉर्ड झाडतात, मामा स्ट्रेचर ढकलत नेतात. मावशी आणि मामा ही नाती मुलाला घरचीच वाटतात.

सुई, उपास आणि करदोटा

‘अजिबात दुखणार नाही’ असे कधीही म्हणू नये. पहिल्याच सुईला ते खोटे ठरते आणि पुढच्या प्रत्येक वेळी चार माणसांना मूल धरावे लागते. ‘चिमटा काढल्यासारखं होईल, मी दहा मोजेपर्यंत संपेल, रडलास तरी चालेल, हात तेवढा हलवू नको,’ हे खरे आणि पुरेसे आहे. लहान मुलाला आडवे पाडून दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवून, पाठ आपल्या छातीशी टेकवून धरले तर त्याची भीती कमी होते. तसे धरू द्या, असे सिस्टरांना म्हणायला हरकत नाही. जोरात फुंकर मारायला लावणे, मोबाईलवर गाणे लावणे, भिंतीवरच्या खिडक्या मोजायला सांगणे यांनी दुखणे खरोखर कमी जाणवते, हे अभ्यासांतून दिसले आहे. तान्ह्या बाळाला सुईच्या वेळी अंगावर पाजले तर ते कमी रडते. कातडी बधिर करणारे मलमही मिळते. ते साधारण तासभर आधी लावावे लागते, म्हणून डॉक्टरांना अगोदर विचारावे.

ऑपरेशनच्या दिवशीचा उपास हा घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यायचा विषय आहे. सर्वसाधारण नियम असा: भूल देण्याआधी 6 तास जेवण आणि वरचे दूध बंद, आईचे दूध 4 तास बंद आणि साधे पाणी 2 तास बंद. नेमकी वेळ डॉक्टर सांगतील तीच पाळायची. भुलीत पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते आणि त्यातून जिवावर बेतते, हे त्यामागचे कारण. लेकरू भुकेने रडते, आजीचा जीव तुटतो आणि ती गुपचूप चहात बुडवून एक बिस्कीट देते. एवढ्याने ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर जाते, किंवा कुणाला कळलेच नाही तर धोका ओढवतो. म्हणून कारण आजीलाही सांगायचे आणि मुलाच्या समोर इतरांनी डबा उघडायचा नाही.

करदोटा, पैंजण, कानातले, गळ्यातला ताईत ऑपरेशनआधी काढावे लागतात. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारी उपकरणे वापरतात, तेव्हा अंगावर धातू असणे योग्य नसते. ऐन वेळी थिएटरच्या दारात कात्री लावली की मूलही घाबरते आणि घरच्यांच्या मनातही पाल चुकचुकते. घरीच, सावकाशीने काढून ठेवावे आणि बरे झाल्यावर पुन्हा घालू असे सांगावे. नखांचा रंगही पुसावा, कारण ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटाला लावतात. पिशवीत मुलाची नेहमीची चादर, त्याचा पेला, कंगवा आणि आवडीची एक वस्तू असू द्यावी.

ऊसतोडीच्या हंगामात

बीडमध्ये या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो: लेकराजवळ राहणार कोण? दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यांतले एक जण आठ दिवस दवाखान्यात थांबले तर दोघांची मजुरी बुडते आणि आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहते. मुले कधी फडावर, कधी हंगामी वसतिगृहात, कधी आजीआजोबांपाशी. आजार त्यांचा हंगाम पाहत नाही.

जे ऑपरेशन थांबू शकते, त्याची तारीख याचा विचार करून घेता येते. ‘साहेब, आम्ही दसऱ्यानंतर बाहेर असतो, पाडव्यानंतर परत येतो, तोपर्यंत थांबलं तर चालेल का?’ हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. काही ऑपरेशने थांबू शकतात, काही अजिबात नाही, आणि ते डॉक्टरच सांगू शकतात. आजी सोबत येणार असेल तर वर सांगितलेली सगळी तयारी आजीचीही करायची. 18 वर्षांखालच्या मुलाच्या ऑपरेशनच्या संमतीवर आईवडिलांची किंवा पालकांची सही लागते, तेव्हा सही कोण करणार हे आधी दवाखान्यात विचारून ठेवावे. फडावरच्या आईने रोज एका ठरलेल्या वेळी फोन करावा. केव्हातरी येणाऱ्या चार फोनांपेक्षा ‘जेवण झालं की आईचा फोन’ ही ठाम गोष्ट मुलाला जास्त आधार देते. ‘उद्या येते’ असे म्हणून न येण्यापेक्षा ‘कारखाना बंद झाला की येते’ हे खरे सांगितलेले बरे.

विंचू चावला, हात मोडला, तापाने फणफणला, तर तयारीला वेळच नसतो. अशा वेळी 108 च्या गाडीत बसल्या बसल्या तीनच गोष्टी सांगाव्यात: तुला काय झालं आहे, आपण कुठे चाललो आहोत आणि मी तुला सोडून जाणार नाही. गाडीत मोठ्यांनी आरडाओरडा केला की मूल त्यावरूनच आपला आजार किती मोठा आहे ते ठरवते.

घरी आल्यावर

घरी परतल्यावर काही मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. काही रात्री दचकून उठतात, आईचा पदर सोडत नाहीत, चिडचिड करतात. हे काही दिवस, कधी काही आठवडे चालते आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरते. त्यासाठी मारू नये, हिणवू नये. दवाखान्याचा खेळ मुले घरी पुन्हा पुन्हा खेळतात, तो खेळू द्यावा. महिना उलटूनही झोप, जेवण, बोलणे पूर्वीसारखे झाले नाही तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगावे. घरी राहिलेल्या भावंडांनाही काय झाले होते ते सांगावे, कारण सगळ्यांचे लक्ष एकाकडेच का, हा प्रश्न त्यांच्याही मनात असतो.

दवाखान्यांनीही आपली बाजू उचलायला हवी. भारताने 1992 मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेत, आपल्याशी संबंधित गोष्टींत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क मुलांना दिला आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 मध्ये सुरू झाले आणि आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. खेड्यातल्या लेकराशी त्याच्या बोलीत, त्याच्या उंचीला वाकून कसे बोलायचे, याचा धडा घालून देण्याचा मान अशा संस्थेला शोभेल. मुलांच्या वॉर्डात एक खेळाचा कोपरा आणि भिंतीवर भरतीपासून घरी जाईपर्यंतची चित्रे, एवढ्यानेही सुरुवात होते.

तोवर घरातून जे करता येते ते करू या. तारीख हाती आली की कागदांच्या यादीत आणखी एक ओळ लिहून ठेवा: लेकराशी बोलायचे. त्याला पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही. खरे तेवढे सांगा, मुलाला झेपेल तेवढे सांगा आणि दिलेला शब्द पाळा.